बी.टेक.नंतर हायडेगर? भंडाऱ्यात बसून युरोपीय तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं तर

(हे भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे बघा' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका ईमेलवरून सुचलाय. साकोली तालुक्यातला श्रोता आहे. मेकॅनिकलमध्ये बी.टेक., सध्या पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. गेली दोन वर्षं तो यूट्यूबवर नीत्शे, सार्त्र, फूको यांच्यावरची व्याख्यानं ऐकतोय आणि आता 'कॉन्टिनेंटल फिलॉसॉफी'त एम.ए. करायचं त्याच्या मनात आहे. घरी सांगितलं तेव्हा आईने एकच विचारलं, "मंग त्याचं पुढं का भेटते?"

त्याचे स्वतःचे प्रश्न तीन आहेत. मला प्रवेश देतील का? परवडेल का? आणि हे खरंच कळेल का, की मी नुसते मोठमोठे शब्द शिकून बसेन?

पहिले दोन प्रश्न माहितीचे आहेत, ते लवकर आटपू. माझा जीव तिसऱ्यात अडकलाय.

आधी नावाचा घोळ सोडवू. 'कॉन्टिनेंटल' हे नाव युरोपातल्या त्या तत्त्वज्ञांनी स्वतःला घेतलेलं नाही. ते इंग्रजीतून तत्त्वज्ञान करणाऱ्यांनी खाडीपलीकडच्या सगळ्यांना सरसकट चिकटवलेलं लेबल आहे. मुंबई-पुण्याचा माणूस बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्याला 'विदर्भ' म्हणून मोकळा होतो, पण वऱ्हाड वेगळं आणि झाडीपट्टी वेगळी हे आपल्याला ठाऊक असतं. तसंच हे. हेगेल, मार्क्स, नीत्शे, हुसर्ल, हायडेगर, सार्त्र, सिमोन द बोव्हार, मेर्लो-पाँती, गाडामर, फूको, देरिदा ही सगळी मंडळी एका गोणीत भरलेली आहेत आणि आत एकमेकांशी कडाकडा भांडतायत.

दुसऱ्या बाजूला 'ॲनालिटिक' परंपरा: फ्रेग, रसेल, मूर, विट्गेनस्टाइन. आता गंमत बघा, फ्रेग जर्मन होता आणि विट्गेनस्टाइन व्हिएन्नाचा. म्हणजे नकाशावर ही रेघ ओढताच येत नाही. दोघांचा पूर्वज एकच, इमॅन्युएल कांट. त्याचा 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' १७८१ चा. त्याच्यानंतर वाटा फुटल्या.

फरक कामाच्या पद्धतीत आहे. मी कोड लिहून पोट भरते, त्यामुळे उदाहरण तिथलंच देते. ॲनालिटिक वाचन हे छोटं, नीट फंक्शन तपासण्यासारखं असतं. इनपुट काय, आउटपुट काय, कुठे फसतं. कॉन्टिनेंटल वाचन म्हणजे दोनशे वर्षं जुना कोडबेस तुमच्या हाती आलाय, कॉमेंट्स नाहीत, लिहिणारे सगळे गेले, प्रत्येक व्हेरिएबलचं नाव आधीच्या कुणाला तरी टोमणा मारून ठेवलेलं आहे, आणि तुम्हाला तो रिफॅक्टर करायची परवानगी नाही. तो आधी वाचायचा. इथे प्रश्नाला त्याच्या इतिहासापासून वेगळं काढता येत नाही, म्हणून ग्रंथ वाचणं हीच पदवी.

आणि इंजिनिअरांना तिथे मज्जाव आहे असं कुणी समजू नये. फिनॉमिनॉलॉजी ज्याने सुरू केली तो एडमंड हुसर्ल मुळात गणिताचा माणूस. १८८३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून त्याला गणितात डॉक्टरेट मिळाली आणि बर्लिनला तो वायरश्ट्रासचा सहायक होता. तोच वायरश्ट्रास, ज्याच्या एप्सिलॉन-डेल्टाने आपल्याला एम-वनला रडवलं.

तर पहिला प्रश्न, प्रवेश. भारतात बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.टेक. चालतं. काही विद्यापीठांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, जेएनयू किंवा हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे आणि त्यात तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. नागपूर, पुणे, मुंबई या तिन्ही विद्यापीठांत तत्त्वज्ञान विभाग आहेत. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, म्हणजे रोज जाणं-येणं करणारी पोरं आपल्याला काही नवीन नाहीत. पण एक लक्षात ठेवा: पदवीवर 'कॉन्टिनेंटल' असं लिहून येणार नाही. पदवी तत्त्वज्ञानाची असते. त्यात न्याय-वेदान्त असतो, ग्रीक असतात, तर्कशास्त्र असतं, नीतिशास्त्र असतं, आणि एखाद-दुसरा पेपर या आपल्या मंडळींचा. खरा कस निबंधिकेला, म्हणजे डिझर्टेशनला लागतो.

नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचं एम.ए. आहे. कमीत कमी दोन वर्षं, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला प्रवेश, नागपूरला प्रादेशिक केंद्र. मी तेच केलं. सकाळी साडेपाच ते साडेसात वाचन, नंतर स्टँडअप मीटिंग. दोन वर्षांची फी एका साध्या स्मार्टफोनच्या किमतीत बसते. तिथली कमतरताही सांगते. वर्ग नाही, म्हणजे भांडायला माणूस नाही. तो तुम्हाला बाहेरून शोधावा लागतो. आम्ही तिघं-चौघं दर रविवारी रात्री गूगल मीटवर एकेक पान वाचत होतो. अक्षरशः एक पान. कधीकधी अर्धं.

आता युरोप. इथे बी.टेक.वाल्याला पहिला दगड लागतो. जर्मनीतली बहुतेक मास्टर्स 'कॉन्सेक्युटिव्ह' असतात, म्हणजे बॅचलरमध्ये तत्त्वज्ञानाचे ठरावीक क्रेडिट्स आधीच हवेत. तुमच्याकडे फ्लुइड मेकॅनिक्सचे आहेत. शिवाय शिकवण्याची भाषा बहुतेक ठिकाणी जर्मन, तीही सी-वन पातळीची. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएस प्रमाणपत्र लागतं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये फी नाही, फक्त सत्राची वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात. आणि हुसर्ल-हायडेगरचं फ्रायबुर्ग, हेगेल जिथे शिकला ते ट्युबिंगेन आणि जिथे त्याने शिकवलं ते हायडेलबर्ग, तिन्ही नेमकी त्याच राज्यात! वरून 'ब्लॉक्ड अकाउंट', वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवायचे, मग महिन्याला ९९२ तुम्हालाच परत मिळतात. म्हणजे अकरा-बारा लाखांची रक्कम विमानात बसायच्या आधी तयार हवी. आपल्याकडे धानाची शेती असलेल्या घरात ही रक्कम म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

बी.टेक.वाल्यासाठी सर्वांत सरळ दार मला बेल्जियममधल्या ल्यूवेनचं वाटतं. तिथल्या तत्त्वज्ञान संस्थेत इंग्रजीतून शिकवतात, आणि दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी 'ॲब्रिज्ड बॅचलर' नावाचा छोटा अभ्यासक्रम आहे. तो केला की मास्टर्सला जाता येतं. हुसर्लचं दफ्तरही तिथेच आहे. हुसर्ल जन्माने ज्यू. १९३८ मध्ये तो वारला तेव्हा त्याची लघुलिपीत लिहिलेली सुमारे ४०,००० पानं नाझींच्या हाती पडली असती. व्हॅन ब्रेडा नावाच्या एका तरुण पाद्र्याने ती जर्मनीबाहेर काढून ल्यूवेनला आणली. आणि एक जाता जाता: हेच विद्यापीठ १९६८ च्या भाषिक आंदोलनानंतर फ्लेमिश आणि फ्रेंच असं दुभंगलं. तत्त्वज्ञानाचं माहेरघर, आणि भांडण कशावरून, तर शिकवायचं कुठल्या भाषेत यावरून.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिला क्यूएस क्रमवारीची अट असते. ल्यूवेन त्या यादीत वर असतं. वयाची-उत्पन्नाची अट दरवर्षीच्या जाहिरातीत बघा, माझ्या तोंडून ऐकून अर्ज करू नका. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. मात्र २०२२ पासून तिच्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय वगळले आहेत. म्हणजे परदेशात जाऊन तुम्ही हायडेगरवर लिहू शकता, पण हायडेगर हाताशी घेऊन जातीवर लिहायचं म्हटलं तर पैसे मिळणार नाहीत. हा नियम मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते थोड्या वेळाने कळेल.

आता तिसरा प्रश्न. कळेल का?

आपली अडचण अशी असते. हायडेगरने जर्मनमध्ये लिहिलं, ते इंग्रजीत गेलं, आणि ते इंग्रजी आपण मराठी डोक्याने वाचतो. मधे दोन भिंती. यावर बहुतेक जण काय करतात, तर मराठी बाजूला ठेवतात आणि इंग्रजी शब्द तसेच गिळतात. 'बीइंग-इन-द-वर्ल्ड', 'रेडी-टू-हँड'. परीक्षेत लिहून येतात, मार्क पडतात. पण घरी कुणी विचारलं की हे काय आहे रे, तर तोंडातून एक वाक्य निघत नाही. आपल्या श्रोत्याला हीच भीती आहे, आणि ती खरी आहे.

माझं म्हणणं उलटं आहे. या विशिष्ट विषयात मराठी हे तुमच्याकडचं सर्वांत चांगलं हत्यार आहे. तीन-चार शब्द घेऊनच बघू.

हायडेगरचं 'बीइंग अँड टाइम' १९२७ चं. पहिला शब्द 'जाइन'. जर्मनमध्ये हे 'असणे' या क्रियापदाचं मूळ रूपच नाम म्हणून वापरलंय. इंग्रजीत याला 'बीइंग' करावं लागतं, आणि 'असणारी गोष्ट' हिलाही 'बीइंग'च. मग एकाला मोठा बी, दुसऱ्याला छोटा बी. वाचताना डोकं गरगरतं. मराठीत? 'असणं' आणि 'असणारं'. संपलं. जर्मनसारखंच आपण क्रियापद उचलून नाम करतो, जाणं, येणं, असणं. हायडेगर म्हणतो की आपण असणाऱ्या वस्तूंबद्दल बोलत राहतो आणि असणं म्हणजे काय हे विचारायचं विसरतो. हे वाक्य मराठीत माझ्या आजीलाही कळेल. पटेल की नाही ते सोडा.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. 'बाबा शेतावर आहेत' आणि 'बाबा शेतावर असतात'. पहिलं आत्ताचं, दुसरं त्यांच्या जगण्याची रीत. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'इज'. माणूस जगात 'आहे', जसा डब्यात चमचा आहे, की माणूस जगात 'असतो', राबतो, वावरतो? हायडेगरला दुसरं म्हणायचंय.

दुसरा शब्द 'त्सुहांडेन'. इंग्रजी भाषांतरं दोन. १९६२ च्या मॅक्वारी-रॉबिन्सनमध्ये 'रेडी-टू-हँड', १९९६ च्या स्टॅम्बोमध्ये 'हँडिनेस'. दोन्ही कानाला लाकडी. मूळ शब्दात 'हात' आहे. आपण काय म्हणतो? हाताशी. 'जरा पाना हाताशी ठेव.' हायडेगरचं स्वतःचं उदाहरण हातोडीचं आहे, आणि भंडारा तर पितळी भांड्यांचं गाव. भांडं ठोकणाऱ्या कारागिराचं लक्ष हातोडीवर नसतं, भांड्याच्या पोटावर असतं. हातोडी जणू हातात विरघळलेली असते. दांडा ढिला झाला की तो थांबतो, हातोडी डोळ्यांसमोर धरून बघतो. आता ती 'वस्तू' झाली: इतक्या वजनाची, लोखंडाची, तुटकी. हाताशी होती ती पुढ्यात आली. हायडेगरचा दावा असा की विज्ञान आणि तत्त्वज्ञान गोष्टींना कायम पुढ्यात घेऊनच बघत आलं, आणि आपला जगाशी असलेला पहिला, मूळचा संबंध हाताशी असण्याचा आहे हे त्यांना दिसलंच नाही. सर्व्हर चालू असतो तोवर कंपनीत कुणाला दिसतो का? पडला की सीईओलाही दिसतो.

हे नुसतं शब्दांचं कौतुक वाटत असेल तर माझ्या धंद्यातलं सांगते. १९६५ मध्ये ह्युबर्ट ड्रायफस या तत्त्वज्ञाने रँड कॉर्पोरेशनसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक अहवाल लिहिला, तिची तुलना किमयागिरीशी करणारा. १९७२ मध्ये त्याचं 'व्हॉट कम्प्यूटर्स कान्ट डू' आलं. त्याचा मुद्दा नेमका हाच होता. माणसाची समज म्हणजे नियमांची यादी नाही, ती हाताशी असलेल्या जगात वावरून येते, म्हणून नियम भरत बसून मशीन शहाणं होणार नाही. तेव्हा लोक चिडले. पण 'श्रडलू' हा गाजलेला प्रोग्रॅम लिहिणारा टेरी विनोग्राड पुढे स्वतःच त्या बाजूला वळला, आणि १९८६ मध्ये फर्नांडो फ्लोरेसबरोबर त्याने संगणकांच्या रचनेवर जे पुस्तक लिहिलं त्यात हायडेगर ठाण मांडून बसलाय. आजची मॉडेल्स नियमांच्या यादीवर चालत नाहीत, त्यामुळे ड्रायफसचं आज कितपत लागू पडतं हा वाद उघडा आहे. त्यावर एक अख्खा भाग करायचाय.

तिसरा शब्द 'दास मान'. इंग्रजीत 'द दे'. 'द दे'! कुठल्या इंग्रजाने आयुष्यात हे म्हटलं असेल? मराठीत हा शब्द प्रत्येक घरात रोज वापरला जातो: लोक. लोक काय म्हणतील. हे लोक म्हणजे कोण? शेजारचे काका? नाही. आत्या? तीही नाही. कुणी एक माणूस नाही, तरी तुमचं शिक्षण, लग्न, नोकरी तेच ठरवतात. हायडेगरने या निनावी 'लोकां'वर बरंच लिहिलंय, आणि आपल्या श्रोत्याने ते ईमेल पाठवायच्या आधी वाचलं असतं तर ईमेल निम्मी झाली असती. आणि 'झोर्गे', इंग्रजी 'केअर'. आपल्याकडे 'काळजी'. काळजी वाटणं आणि काळजी घेणं, दोन्ही एकाच शब्दात. त्यालाही दोन्ही हवं आहे.

सावधगिरीचंही बोलते, कारण मराठी फसवतेही. विशेषतः जिथे आपल्याकडे तयार संस्कृत शब्द पडलेले असतात. कांट म्हणतो की आपल्याला वस्तू जशी दिसते तशीच कळते, ती स्वतःत कशी आहे ते कळत नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, अरे ही तर माया! नाही. कांटच्या दिसणाऱ्या जगात न्यूटनचे नियम पक्के लागू होतात, ते जग ज्ञान झालं म्हणून मावळत नाही. हेगेलच्या 'गाइस्ट'ला ब्रह्म म्हणून मोकळं होणं हाही तसाच आळस. नियम सोपा आहे. स्वयंपाकघरातला, शेतातला, भांडणातला मराठी शब्द सापडला तर तो उचला. पोथीतला सापडला तर दोनदा तपासा.

हे काम आपल्या आधी लोकांनी केलेलं आहे. खानदेशात अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था, तीही तालुक्याच्या गावी. साने गुरुजी शाळामास्तर होण्याआधी तिथेच अभ्यासाला होते. तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक निघायचं. १९३० च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक होते. कांटशी आयुष्यभर झुंजलेला माणूस. त्यांचं 'स्वराज इन आयडियाज' हे भाषण याच प्रश्नावर आहे: राजकीय गुलामी दिसते, पण परक्या कल्पना न पचवता, आपल्या कल्पनांशी भिडवून न बघता डोक्यात साठवल्या, तर ती गुलामी दिसतही नाही. परक्या कल्पना नाकारा असं ते म्हणत नाहीत. त्या आपल्या भाषेत आणून तपासा, असं म्हणतात.

पुढे नागपूरकडचे सुरेंद्र बारलिंगे पुणे विद्यापीठात होते. अमळनेरचं ते त्रैमासिक १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' म्हणून पुण्यातून निघू लागलं, आणि १९७९ मध्ये 'परामर्श' हे खास मराठीतलं तत्त्वज्ञानाचं नियतकालिक सुरू झालं. त्याच विभागात आर. सुंदरराजन हुसर्ल, हायडेगर, मेर्लो-पाँती यांच्यावर काम करत होते. त्यांचं 'द ह्युमनायझेशन ऑफ ट्रान्सेंडेंटल फिलॉसॉफी' १९९७ चं. आणि आपल्या विदर्भात, अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात दि. य. देशपांडे होते. त्यांचं 'अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान' मिळालं तर पहिलं ते वाचा. ते स्वतः दुसऱ्या, ॲनालिटिक गोटातले, विवेकवादी. १९९० मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' त्यांनीच सुरू केला. हायडेगरबद्दल त्यांना फारसं प्रेम असेल असं मला वाटत नाही, पण अवघड गोष्ट सरळ मराठी वाक्यात कशी मांडायची हे त्यांच्याकडूनच शिकावं.

हे सगळं असूनही कुणी विचारेल, की फ्रान्स-जर्मनीच्या या विचारांचं इथे काय काम? म्हणून एक पुस्तक. अनिकेत जावरे पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, मराठीत कविताही लिहायचे. त्यांचं 'प्रॅक्टिसिंग कास्ट' २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फोर्डम विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. उपशीर्षक 'ऑन टचिंग अँड नॉट टचिंग', म्हणजे शिवणं आणि न शिवणं याविषयी. जातीबद्दल बोलताना धर्मग्रंथापासून किंवा आकडेवारीपासून सुरुवात न करता त्यांनी स्पर्शापासून सुरुवात केली. सुंदर सरुक्काई यांनीही २००९ मध्ये अस्पृश्यतेच्या फिनॉमिनॉलॉजीवर लेख लिहिला होता, आणि २०१२ मध्ये त्यांचं आणि गोपाळ गुरू यांचं 'द क्रॅक्ड मिरर' आलं.

मुद्दा काय? हुसर्ल आणि मेर्लो-पाँती एक साधी गोष्ट दाखवतात. उजव्या हाताने डावा हात धरा. कोण कुणाला शिवतंय? डोळा दिसल्याशिवाय बघू शकतो, पण हात शिवला गेल्याशिवाय शिवू शकत नाही. स्पर्श कायम दुहेरी. मग जो माणूस दुसऱ्याला शिवायचं नाकारतो, तो स्वतःच्या शरीराचं काय करतो? प्रश्न एकदम उलटा फिरतो. 'अस्पृश्य' म्हटल्या गेलेल्या माणसाकडे रोखलेली नजर, न शिवणाऱ्याकडे वळते. आणि इथे मराठीकडे जे शब्द आहेत ते ना फ्रेंचकडे आहेत ना इंग्रजीकडे: शिवणं, शिवाशिव, विटाळ. ज्या भंडाऱ्यातून १९५४ ची पोटनिवडणूक खुद्द बाबासाहेब लढले आणि हरले, तिथल्या पोराने मेर्लो-पाँती वाचला तर तो 'शिवाशिव' हा शब्द घेऊनच वाचेल. पॅरिसमधल्या वाचकाला ते जमणार नाही. शिष्यवृत्तीच्या त्या नियमावर मी का चिडले ते आता कळलं असेल.

हायडेगरबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९३३ मध्ये तो फ्रायबुर्गचा रेक्टर झाला आणि नाझी पक्षाचा सदस्यही. ज्याला 'बीइंग अँड टाइम' अर्पण केलं तो त्याचा गुरू हुसर्ल ज्यू होता. त्याचे विचार आणि त्याचं राजकारण यांचा संबंध किती, यावर अजून पुस्तकं निघतायत. एम.ए.च्या वर्गात कुणी हा विषय टाळत असेल तर तुम्ही काढा.

राहिला आईचा प्रश्न. पुढं का भेटते? खरं सांगते, नोकरीची हमी नाही. एम.ए.ला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ५० टक्के असतील तर यूजीसी-नेट देता येते. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम दहा घटकांचा आहे, त्यातला एक अलीकडच्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा, ज्यात ही मंडळी येतात. न्याय, बौद्ध, जैन, नीती, तर्क हे सगळं केल्याशिवाय सुटका नाही. जेआरएफ लागली तर महिन्याला ३७,००० रुपये, पण तिला वयाची अट ३० वर्षांची. स्त्रिया आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. आपला श्रोता २७ वर्षांचा, खुल्या प्रवर्गातला. यंदा प्रवेश घेतला तर हातात मोजकेच प्रयत्न. प्राध्यापकीसाठी वयाची ही अट नाही, पण प्राध्यापकी म्हणजे आज बऱ्याच ठिकाणी सीएचबी, तासाप्रमाणे पैसे, वर्षानुवर्षं. आईला हे आकडे सांगा. 'मला आवड आहे' एवढंच सांगू नका. आकडे ऐकल्यावर त्या जे विचारतील ते बहुधा या भागापेक्षा चांगलं असेल.

मला विचाराल तर नोकरी न सोडता दूरशिक्षणाचं एम.ए. आधी करा. त्या दोन वर्षांत जर्मन ए-वन, ए-टू होतं, पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहेच. निबंधिका मन लावून लिहा, कारण पुढे ल्यूवेनला अर्ज करायचा झाला तर लिखाणाचा नमुना म्हणून तीच कामाला येते. एक वही करा, डावीकडे मूळ शब्द, मधे इंग्रजी भाषांतरं, उजवीकडे तुमचं मराठी. उजवा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या पानावर जायचं नाही. साकोलीत बोलतात ती बोलीही त्या रकान्यात चालेल. आपण 'मी करून राहिलो' म्हणतो. त्यातलं ते 'राहणं' हायडेगरला दाखवायला हवं होतं. माणूस काम करतो आणि त्या करण्यातच राहतो, हे त्याला सांगायला किती पानं लागली!

माझ्या वहीत 'गेवोर्फेनहाइट'चा रकाना अजून कोरा आहे. जन्मतःच कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, न विचारता टाकले गेलेले असणं, असा काहीसा अर्थ. 'फेकलेपण' मी दोनदा लिहून खोडलंय. कुणाला झाडीबोलीतला शब्द सुचत असेल तर कळवा.